कुंकळ्ळीचे बारा वांगड आणि त्यांचें चर्च

गोमंतकांतील गांवकीचा विचार करतांना आपले लेखक बहुधा जमिनीवरच दृष्टि ठेवतात. शेतांची पावणी, खाजणाचे बांध, गांवकऱ्याचें झोण, सरकारी फाळा, या गोष्टींवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु गांवकी ही जशी वतनाची तशीच मानाचीहि व्यवस्था होती. जमीन हातची गेली आणि धर्महि बदलला, तर मागें काय उरतें, या प्रश्नाचा निकाल ज्या गांवीं लागलेला दिसतो तें गांव म्हणजे सासष्टीच्या दक्षिण टोंकाचें कुंकळ्ळी. (ही सासष्टी गोव्यांतली, मुंबईलगतची साष्टी वेगळी. दोहोंचा घोटाळा जुन्या लेखनांत वारंवार होतो म्हणून हा खुलासा.)

बारदेश आणि सासष्टी हे दोन्ही प्रांत इ. स. १५४३ मध्यें पोर्तुगीजांच्या कायम ताब्यांत आले. १५६० नंतर सासष्टींत जेझुइट पाद्र्यांचें काम सुरू झालें व १५६७ च्या सुमारास तेथील देवळें सरसकट पाडण्यांत आलीं. दक्षिणेकडील असोळणें, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा व कुंकळ्ळी या पांच गांवांनीं मात्र दीर्घकाळ दाद दिली नाहीं. देवळें पाडावीं, तीं पुन्हां उभीं राहावीं. फाळ्याची मागणी व्हावी, ती नाकारली जावी. असा क्रम चालला होता. १५८३ च्या आरंभीं रायतूर, म्हणजे राचोल, येथील सैन्यानें या भागांत जाळपोळ केली. पुढील प्रकार त्याच वर्षाच्या जुलैमधला.

पांच जेझुइट कुंकळ्ळीस चर्चसाठीं जागा पाहावयास गेले. अकबराच्या दरबारीं राहून नुकताच परतलेला रुदोल्फ अक्वाविवा हा त्यांचा पुढारी. गांवकऱ्यांनीं त्यांस व त्यांच्या सोबत्यांस ठार मारलें आणि पाद्र्यांचीं प्रेतें विहिरींत टाकलीं. या घटनेची तारीख दोन प्रकारें दिलेली आढळते. चर्चच्या लेखनांत २५ जुलै, तर गांवच्या स्मरणांत १५ जुलै. हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. जुन्या व नव्या ख्रिस्ती पंचांगांत त्या वेळीं दहा दिवसांचें अंतर होतें. दोन्ही तारखा एकाच सोमवारच्या आहेत. जुन्या कागदांवरील तारखा पडताळणाऱ्यांनीं १५८२-८३ च्या गोमंतकी कागदांविषयीं हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

पाद्र्यांचे अवशेष प्रथम रायतूर येथें पुरले गेले. १५९७ मध्यें ते गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत व १८६२ मध्यें जुन्या गोव्याच्या मुख्य चर्चमध्यें नेण्यांत आले. मराठी वाचकांस ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून परिचित असलेला थॉमस स्टीफन्स त्या वेळीं याच प्रांतांत काम करीत होता, आणि त्याचें पुराण पुढें १६१६ मध्यें छापलें गेलें तेंहि याच रायतुरास. पांच पाद्र्यांस १८९३ मध्यें रोमहून धन्य पदवी मिळाली. म्हणजे एका पक्षाची स्मृति नीट जपली गेली. दुसऱ्या पक्षाची तशी राहिली नाहीं. कुंकळ्ळीच्या सोळा नायकांस तहाच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून तेथें मारण्यांत आलें व एकच जण नदींत उडी टाकून निसटला, ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या गांवांत सांगितली जाते. फ्रांसिस्कु द सोझ या जेझुइटाच्या, लिस्बन येथें १७१० मध्यें छापलेल्या ग्रंथांत या प्रकरणाचें विस्तृत वर्णन आहे. परंतु तें वाचतांना तो एका पक्षाचा लेखक आहे हें विसरून चालणार नाहीं.

शिक्षा येथेंच थांबली नाहीं. पांचहि गांवांच्या सामायिक जमिनी जप्त होऊन जुवांव द सिल्व्ह यास दिल्या गेल्या. पुढें असोळणें, वेळ्ळी व आंबेली हीं गांवें जेझुइटांकडे गेलीं व १७५९ मध्यें जेझुइटांची हकालपट्टी झाल्यावर सरकारजमा झालीं. कुंकळ्ळी व वेरोडा हीं सरदारी जहागीर बनलीं. सतराव्या शतकांत मास्करेन्यश घराण्यास जो कोंदाचा किताब मिळाला, तो कुंकळ्ळीच्याच नांवाचा. परिणाम असा झाला कीं, सासष्टींतील इतर गांवांच्या गांवकी आपापल्या जमिनी, दप्तरें व झोण यांसह विसाव्या शतकापर्यंत चालत आल्या. कुंकळ्ळीस मात्र गांवकर राहिले, गांवकी राहिली नाहीं. गांवची देवी शांतादुर्गा सीमेपलीकडे फातर्पें येथें नेली गेली. तो मुलूख पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तोंवर देवी एका राज्यांत व भक्त दुसऱ्या राज्यांत, अशी स्थिति होती.

आतां मानाकडे वळूं. आफोंसु मेशिय यानें १५२६ मध्यें गांवकरांच्या चालीरीतींचा जो लेख तयार केला, ज्यास फोराल म्हणतात आणि जो फिलिप नेरी शावियेर यानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत, १८५२ च्या आपल्या ग्रंथाच्या निमित्तानें, अभ्यासकांपुढें आणला, त्यांत जमीन व फाळा यांच्याबरोबर मानाचीं कलमेंहि आहेत. मुख्य गांवकरानें प्रथम कापणीस हात घालावा, मग इतरांनीं. त्याचें घर प्रथम शाकारलें जावें. विडा व वस्त्र यांचा मान ठरल्या क्रमानें घ्यावा. गांवांत नर्तकी आल्या तर त्यांनीं आधीं त्याच्या दारीं नाचावें. हा लेख तिसवाडीचा. सासष्टी तेव्हां पोर्तुगीजांकडे नव्हती. तथापि पुढें सासष्टींत जें दिसतें तें त्याच घडणीचें आहे. राय येथें ५ ऑगस्ट रोजीं बर्फाच्या सायबिणीच्या फेस्तास नव्या भाताचीं पहिलीं कणसें कापून चर्चमध्यें आशीर्वादिलीं जातात, तें फोरालांतील पहिल्या कापणीचेंच कलम होय. देव बदलला, कलम तेंच राहिलें.

कुंकळ्ळीस कापण्यास स्वतःचें सामायिक शेतच नव्हतें. म्हणून तेथें सगळा मान चर्चच्या फेस्तांत व मिरवणुकींत एकवटला, असें आमचें मत आहे. गांवचें चर्च आरोग्याच्या सायबिणीचें, नॉस्स सिन्योर द सावद हिचें. सासष्टीच्या बहुतेक चर्चांत कोंफ्रारिया नांवाचीं मंडळें असतात. त्यांची घटना लेखी असते, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व वहिवाटदार निवडलेले असतात, जमाखर्चाच्या वह्या असतात. फेस्ताच्या दिवशीं सभासद झग्यावर आंखूड खांदवस्त्र घालतात. गांवकरांचें तांबडें आणि इतरांच्या मंडळाचें दुसऱ्या रंगाचें, असा भेद पुष्कळ गांवीं होता. मिरवणुकींत कोणीं क्रूस धरावा, कोणीं छत्राचा दांडा धरावा, मूर्तीच्या जवळ कोणीं चालावें, हें सर्व ठरलेलें. बाहेरच्यास हें क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या पूर्वजांची जमीन एका दिवसाच्या कृत्यापायीं गेली, त्यास आपण या गांवचे मूळ धनी हें सांगण्यास एवढी एकच जागा उरली होती. कुंकळ्ळीचे बारा वांगड, म्हणजे गांवकरांचीं बारा कुळें, या मंडळाच्या रूपानें उभे राहिले.

याचीच दुसरी बाजू फातर्प्यास दिसते. फाल्गुनांत शिगम्याच्या पंचमीस फातर्प्याहून कुंकळ्ळीस देवीच्या मूळ ठिकाणीं छत्र्यांची मिरवणूक येते. तिला सोत्र्यो म्हणतात. छत्र्या बारा, एकेका वांगडाची एकेक. गुलाल उधळला जातो, वाजंत्री असतात, आणि देवी जणूं आपल्या जुन्या गांवीं दिवसापुरती परत येते. या बारा वांगडांत हिंदु घरें आहेत तशीं ख्रिस्ती घरेंहि आहेत. एकाच कुळाची एक शाखा छत्रीखालीं चालते व दुसरी तांबड्या खांदवस्त्रांत क्रूसामागें चालते. बाराचा आंकडा दोन्हीकडे कायम आहे.

हा मान चर्चच्या डोळ्याआड टिकला असें कोणी म्हणेल, तर तें बरोबर नाहीं. घरांतल्या आचारांवर धर्मन्यायासनाची नजर किती बारीक होती याचा पुरावा १७३६ चा गोव्याचा हुकूमनामा देतो. लग्नांतल्या ओव्या, हळद, विडे वाटणें, अंगणांतील तुळस, पुरुषांचें धोतर, स्त्रियांची चोळी, एकादशीचा उपास, या सर्वांस त्यांत बंदी आहे. सासष्टीबारदेश बाटल्यास दीडशेंहून अधिक वर्षें होऊन गेल्यावर ही यादी करावी लागली, यावरून ते आचार किती चालू होते हें उघड होतें. बंदीचा कागद हा येथें आचाराचा उत्तम साक्षीदार आहे. याच काळांत मिरवणुकींतील अग्रमान मात्र चोरून पाळावा लागला नाहीं. तो चर्चच्याच अंगणांत, पाद्र्याच्या देखत, चालला. फेस्ताचा खर्च गांवकर करीत, आणि खर्च करणाराचा मान नाकारणें कोणत्याहि विकारास परवडणारें नव्हतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बारा वांगडांच्या अभिमानाचें वर्णन करतांना त्यांच्या बाहेरच्यांचा विसर पडतो. शेत कसणारे, माडावर चढणारे, मासे धरणारे, हेहि त्याच चर्चचे ख्रिस्ती. पण मुख्य मंडळांत त्यांस जागा नव्हती. विसाव्या शतकांत त्यांनीं या हक्कास उघड आक्षेप घेतला. वेदीपुढें सर्व सारखे, मग आरोग्याच्या सायबिणीचा उत्सव बारा कुळांचाच कां, हा त्यांचा सवाल. गांवकरांचें उत्तर असें कीं, हें कुळाचें देणें आहे, धर्माधिकाऱ्याचें दान नव्हे. इतिहास गांवकरांच्या बाजूनें साक्ष देतो हें खरें. परंतु जुनेपणा हा न्याय्यतेचा पुरावा नव्हे, आणि ज्या जमिनीच्या जोरावर हा मान प्रथम मिळाला ती जमीन कसणाऱ्यांचे वंशजच आतां प्रश्न विचारीत होते.

हस्तलिखितसंग्राहकांसाठीं एक सूचना. सासष्टीच्या गांवकींचीं जुनीं दप्तरें पोर्तुगीज भाषेबरोबरच गोयकानडी व मोडी लिपींतहि आहेत. जप्त गांवांचें तसें अखंड दप्तर बनण्याचें कारणच उरलें नाहीं. त्यामुळें कुंकळ्ळीच्या बाबतींत कोंफ्रारियांच्या घटना, सभासदांच्या याद्या व फेस्ताचे जमाखर्च हेच गांवकीचें दप्तर समजावें. वह्या धार्मिक म्हणून बाजूस टाकूं नयेत. एखाद्या वर्षीं कोणत्या वांगडानें मेणबत्त्यांचा खर्च केला, ही ओळ पाहणीपत्रकाइतकीच मोलाची आहे. तिच्या शेजारीं फातर्प्याच्या देवस्थानचे मानकऱ्यांचे कागद ठेवून वांगडांचा क्रम दोन्हीकडे ताडून पाहावा.

असोळण्यास मारल्या गेलेल्या नायकांचें स्मारक कुंकळ्ळींत २००३ मध्यें उभें राहिलें. तेथें दर वर्षीं जो दिवस पाळतात तो १५ जुलै, जुन्या पंचांगाचा.