दारूवरची गोळी

श्रोतेहो, वऱ्हाडात दारूविषयी बोलायचे तर आरंभ गाडगेबाबांपासूनच करावा लागतो. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. डेबू लहान असतानाच वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि पोर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. पुढे बाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचे जेवण घातले, आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनातून दारू सोडायला सांगितले.

१९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदाही झाला. उपदेश झाला, कायदा झाला. पण ज्याला सोडावीशी वाटते आणि सुटत नाही, त्याचे काय? त्याला लोक 'मनाचा कच्चा' म्हणून मोकळे झाले.

औषध सापडले ते योगायोगाने, बरं का! डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांवर औषध शोधीत होते. डायसल्फिरामच्या गोळ्या त्यांनी स्वतःच घेऊन पाहिल्या. नंतर थोडे मद्य घेताच चेहरा लाल, छातीत धडधड, पोटात ढवळाढवळ! १९४८ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. शरीरात दारूचे आधी एक विषारी द्रव्य बनते, मग त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचराच अडवते.

परंतु हा झाला धाक; ओढ तशीच राहते. ती ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला १९९४ साली अमेरिकेत या व्यसनासाठी मान्यता मिळाली. आज ही औषधे आपल्याकडेही डॉक्टर देतात.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. डायसल्फिराम भाजीत कालवून चोरून देऊ नका. नकळत वर दारू प्यायला तर माणूस जिवाला मुकेल. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो. आधी डॉक्टरला दाखवा.

मग उपदेश वाया गेला का? नाही हो! गोळी रोज घ्यायची तर निश्चय हवा, घरच्यांचा आधार हवा. रोग्याला औषधोपचार करावा, हेही बाबांनीच सांगितले होते. पिणाराही रोगीच आहे.

गुरुजी, आपल्या वर्गात आजही एखादा डेबू बसलेला असेल. त्याच्या बापाला दवाखान्याची वाट दाखवा.