‘पुनर्भरण’ : शब्द आणि व्यवहार

पावसाळा जवळ आला की शासकीय परिपत्रकांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत ‘पुनर्भरण’ हा शब्द हमखास आढळतो. शब्द परिचयाचा वाटतो; परंतु त्याचा नेमका अर्थ विचारला असता पुष्कळांची गफलत होते. विहिरीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाड्या फुलविणाऱ्या वसईच्या माणसाला तरी हा शब्द उपरा वाटू नये. म्हणून त्याचा अर्थ व वापर येथे थोडक्यात मांडीत आहोत.

‘पुनः’ म्हणजे पुन्हा आणि ‘भरण’ म्हणजे भरणे. संधी होताना विसर्गाचा ‘र्’ होतो आणि तो पुढील ‘भ’वर रफार होऊन बसतो. अनेक फलकांवर ‘पुर्नभरण’ असे लिहिलेले दिसते. ते अशुद्ध होय. ‘भरण’ हा शब्द संस्कृतातील ‘भृ’ या धातूपासून आला आहे. धारण करणे, पोसणे असाही त्याचा अर्थ आहे. ‘भरणपोषण’ या जोडशब्दात तो आपल्याला भेटतो. भरणे आणि पोसणे ही भाषेच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत.

या शब्दाच्या आसपासचे काही शब्द वेगळे ओळखले पाहिजेत. मुदत संपलेला परवाना आपण पुढे चालू करतो, ते ‘नूतनीकरण’. ईस्टरच्या जागरणविधीत स्नानसंस्काराच्या वचनांचे आपण करतो, तेही नूतनीकरणच. आधी केलेला खर्च परत मिळतो, ती ‘प्रतिपूर्ती’. नुकसानीबद्दल मिळते ती ‘भरपाई’. पावसाळ्यापूर्वी घरात धान्य, सरपण, सुकी मासळी साठवून ठेवतात, ती ‘बेगमी’. ज्या साठ्यातून आपण आजवर घेत आलो, तोच साठा पुन्हा भरणे म्हणजे ‘पुनर्भरण’. तसे पाहता दुकानदारही संपलेल्या मालाचे पुनर्भरणच करतो; पण तो ‘माल भरला’ एवढेच म्हणतो. मोबाइलच्या बाबतीत तर सर्वांच्या तोंडी ‘रिचार्ज’ हाच शब्द आहे. व्यवहारात ‘पुनर्भरण’ मुख्यतः भूजलासाठी रूढ झाला आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द आहे ‘उपसा’.

समुद्रकाठी या दोन शब्दांचा हिशेब फार काटेकोर असतो. जमिनीखाली गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलाची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते, असे शास्त्र सांगते. उपसा वाढला आणि पुनर्भरण घटले की विहीर आटण्यापूर्वीच मचूळ होते. वसईतून टँकरने होणाऱ्या पाण्याच्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, त्यामागे हीच चिंता होती.

‘पुनर्भरण’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पूर्वजांपाशी त्याची व्यवस्था होती. तिचे नाव बावखल. वाडीतील या गोड्या पाण्याच्या तळ्यात पावसाचे पाणी साचे, हळूहळू मुरे आणि आसपासच्या विहिरींना जिवंत ठेवी. रहाटाने तेच पाणी शिंपण्यासाठी काढले जाई. आज अनेक बावखले मातीचा भराव टाकून बुजविली गेली आहेत. ‘भराव’ आणि ‘पुनर्भरण’ हे दोन्ही शब्द एकाच ‘भरणे’चे, पण एकाने जमिनीचे तोंड बंद होते, तर दुसऱ्याने तिची ओटी भरते.

बावखल नसले तरी घराचे छप्पर असतेच. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर १०० चौरस मीटरच्या छपरावर दोन लाख लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले तरी दीड लाख लिटर हाती राहते. पहिल्या पावसाचे घाण पाणी वाहू द्यावे. नंतरचे पाणी दगड, खडी व वाळू यांच्या थरांतून गाळून विहिरीत सोडावे. रस्त्याचे वा सांडपाणी त्यात कदापि मिसळू देऊ नये.

उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात एक प्रसंग आहे. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरून काढल्या आणि त्यांना वडिलांनी दिलेलीच नावे ठेवली. आपल्याकडील बावखले बुजविणारे मात्र कोणी परके नव्हते. जी उरली आहेत ती राखणे आणि प्रत्येक विहिरीला पावसाचा वाटा मिळवून देणे, हाच आपल्यापुरता या शब्दाचा खरा अर्थ होय.