पुतळ्यांची माळ

नाणे हे राजसत्तेचे चिन्ह आणि अलंकार हा स्त्रियांच्या रुचीचा विषय, अशी या दोहोंची वाटणी सामान्यतः केली जाते. आमच्या घरांतील पुतळ्यांची माळ मात्र ती वाटणी मानीत नाही.

पुतळी हे मुळात व्हेनिस नगरराज्याचे नाणे होय. ते प्रथम १२८४ साली पाडले गेले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, दुसरीकडे ताऱ्यांच्या वलयात उभा ख्रिस्त. मसाल्यांच्या व्यापाराबरोबर हे नाणे हिंदुस्थानात आले. त्यावरील लॅटिन अक्षरे आमच्या लोकांस अगम्य. त्यांनी मूर्ती तेवढी पाहिली आणि तीवरून त्यास पुतळी म्हटले. पुढे आमचे सोनारही ठशाने पुतळ्या पाडू लागले, आणि ख्रिस्ताच्या जागी लक्ष्मी आली.

परभणी जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या स्थित्यंतराचे मर्म कळते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. बाजारात हाली शिक्का चाले, आणि शेवटच्या निजामाच्या अशरफीवर चारमिनार झळके. परंतु गंगाखेड-पाथरीकडील संपन्न मराठी घरांत लग्नकार्यात मिरवली ती पुतळी निजामाचीही नव्हे आणि दिल्लीचीही नव्हे! व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ सालीच नेपोलियनने बुडविले होते. त्याच्या नाण्याचा घाट मात्र गोदातीरी जिवंत राहिला.

२००८ साली पॅरिसच्या टांकसाळीने प्रसिद्ध वेशशिल्पी कोको शानेल हिच्या स्मरणार्थ नाणे काढले. त्याची रचना कार्ल लागरफेल्ड या वेशशिल्प्याचीच होती. पोशाखाची कला तेथे नाण्यावर चढली. आमच्याकडे याच्या नेमके उलट घडले : नाणेच पोशाखाचा भाग झाले, आणि तेही संग्राहकाच्या पेटीत न राहता सासूकडून सुनेकडे जात राहिले.

हा वारसा आता मुशीत वितळत आहे. नव्या घडणीच्या हौसेने जुनी माळ मोडीत जाते, आणि सोनार केवळ सोन्याचे वजन करतो. इतिहासाचे वजन त्याच्या काट्यावर येत नाही. म्हणून आमची वाचक भगिनींस एवढीच विनंती आहे की, माळ मोडण्यापूर्वी तिच्यातील एकेक पुतळी उजेडात धरून पाहावी. लक्ष्मीऐवजी एखादीवर गुडघे टेकलेला पुरुष दिसला, तर ती जाणकारास दाखविल्यावाचून मुशीत जाऊ देऊ नये.