नव्या हौदाचे पहिले पाणी

हैदराबादच्या बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्स या टेकड्यांवरील ऐपतदार घरांच्या परसात आता पोहण्याचे तलाव दिसू लागले आहेत. तलाव खणून झाला, गिलावा झाला, काठाची फरशी बसली आणि गवंडी हत्यारे आवरून निघून गेला, की घरमालकाला वाटते, काम संपले. जाणता कारागीर मात्र तसे मानीत नाही. त्याच्या लेखी बांधकामाचे शेवटचे कलम अद्याप उरलेले असते, आणि ते म्हणजे पाणी भरणे. नळीच्या तोंडाला फडके बांधून ती तो तलावाच्या सर्वांत खोल भागात ठेवतो, म्हणजे धारेने ओला गिलावा उकरला जात नाही. एकदा पाणी सोडले की काठाच्या फरशीला टेकेपर्यंत, रात्र झाली तरी, ते थांबवीत नाही. मध्येच खंड पडला तर नव्या गिलाव्यावर पाण्याची रेघ उमटते आणि ती पुढे घासून जात नाही. मुलांना तर त्या दिवशी काठावरही येऊ देत नाहीत.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर हैदराबादच्या इतिहासात चांगलेच सापडते. हे शहर हौदांचे आणि तलावांचे शहर आहे. आपला 'हौद' हा शब्द मुळात अरबी 'हौज'. तो दख्खनच्या सुलतानी राजवटींतून मराठीत आला आणि घरच्या मोरीपर्यंत पोहोचला. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कटोरा हौज आहे. चारमिनारच्या उत्तरेस, चार कमानींच्या मधोमध, गुलजार हौज आहे. गोवळकोंड्याचे पाणी दुर्गम चेरुवू या तलावातून खापरी नळांनी येत असे. मग रहाटांनी ते टप्प्याटप्प्याने वरच्या टाक्यांत चढवीत आणि तेथून उताराने महालांत व बागांत सोडीत. भिंतींच्या पोटात बसविलेले ते खापरी नळ किल्ला पाहावयास जाणाऱ्याला आजही दिसतात.

या साऱ्या कामाचा जीव चुन्यात होता. कळीचा चुना पाण्यात विरवावयाचा, वाळूबरोबर घाणीत मळावयाचा, त्यात विटांची बारीक भुकटी म्हणजे सुरकी घालावयाची, आणि हिरडा, गूळ, बेलफळ यांचे पाणी मिसळावयाचे, अशी दख्खनच्या गवंड्यांची रीत होती. नुसता चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू घट्ट होतो. पाण्याखाली तो तसा घट्ट होत नाही. सुरकीमुळे मात्र तो ओलाव्यातही दगडासारखा धरतो. हे ज्ञान कोणत्या गवंड्याने प्रथम मिळविले ते इतिहासाने नोंदविलेले नाही, आणि इतिहासाची ही जुनी खोड आहे. बादशहाचे नाव राहते, घाणी फिरविणाऱ्याचे राहत नाही. कुतुबशाही कबरींच्या आवारातील बडी बावडी २०१३ च्या पावसात एका बाजूने कोसळली, तेव्हा ती पुन्हा उभारताना सिमेंटाला दूर ठेवून याच जुन्या चुन्याचा आश्रय करावा लागला.

मराठवाड्यातील वाचकांना याहून जवळचे उदाहरण आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे आसफजाही घराण्याचे हैदराबादच्या आधीचे ठाणे. तेथल्या पाणचक्कीचा हौद अठराव्या शतकातील आहे. त्या हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे. ज्या दिवशी त्या हौदात प्रथम पाणी सोडले असेल, त्या दिवशी खाली उभे राहून वर पाहणाऱ्या कारागिराची छाती धडधडली नसेल, असे कोण म्हणेल? छतातून एक थेंब टपकला असता तरी सारी कारागिरी लटकी ठरली असती.

हौदाची ही गोष्ट तलावाला तर कितीतरी पटींनी लागू आहे. इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२-६३ च्या सुमारास, म्हणजे हैदराबाद शहर वसण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे, हुसेन शाह वली याच्या देखरेखीखाली हुसेनसागर बांधला गेला. बांध पुरा झाला. पण परंपरा अशी सांगते की तलाव भरेना. ज्या ओढ्यांवर भिस्त होती त्यांचे पाणी अपुरे पडले आणि मुसी नदीचे पाणी कालव्याने आणून सोडावे लागले. लोकांत आणखी एक कथा आहे. तलावाला आपले नाव मिळावे अशी सुलतानाची इच्छा होती. लोकांनी मात्र तो बांधून घेणाऱ्या हुसेन शाह वलीचेच नाव तोंडी रूढ केले. कथा खरी असो वा नसो, नाव तेच टिकले.

न भरणारा तलाव ही फजिती. भरून फुटणारा तलाव हा अनर्थ. हा अनर्थ हैदराबादने २८ सप्टेंबर १९०८ रोजी पाहिला. मुसीच्या वरच्या अंगाला, पिढ्यानुपिढ्या बांधत आलेले शेकडो लहानमोठे तलाव एकाखाली एक असे पसरलेले होते. त्या सप्टेंबरात मोठा पाऊस कोसळला. वरचा तलाव फुटला, त्याचे पाणी खालच्याच्या माथी आले, तोही फुटला. अशा रीतीने सुमारे दोनशे तलावांचे पाणी एकवटून शहरावर आले. अफजलगंज, चादरघाट या वस्त्यांत हाहाकार झाला. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असा अंदाज सांगितला जातो. अफजलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, असे म्हणतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात पुढेही शंभर वर्षांहून अधिक काळ उभे राहिले.

या प्रलयानंतर निजाम सरकारने ज्याला पाचारण केले, तो स्थापत्यविशारद महाराष्ट्राला परका नव्हता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत शिरले, नाशिक-खानदेशात त्यांनी उमेदवारी केली, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्यांनी मुसीच्या खोऱ्याची पाहणी करून १९०९ मध्ये सल्ला दिला, तो ऐकून शहरातील वृद्ध मंडळी चरकली असल्यास नवल नाही. फुटलेल्या तलावांनी ज्यांची घरेदारे नेली, त्यांनाच ते सांगत होते की शहराच्या वरच्या बाजूला आणखी दोन तलाव बांधा, आणि तेही पूर्वीच्या सर्वांहून कितीतरी मोठे! पण त्यामागचे गणित सरळ होते. शेकडो कच्च्या बांधांच्या भरवशावर राहण्यापेक्षा दोन पक्क्या धरणांत पूर अडवावा आणि मग तो बेताबेताने सोडावा. विश्वेश्वरय्या लवकरच म्हैसूरला गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अहमद अली, म्हणजे पुढचे नवाब अली नवाज जंग, यांनी हे काम पुढे नेले. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. एकात सुमारे चार अब्ज घनफूट, दुसऱ्यात सुमारे तीन अब्ज घनफूट पाणी मावते. पूर अडविण्यासाठी योजलेल्या या तलावांनी पुढे शहराची तहानही भागविली, आणि उस्मानसागराचे पाणी पंपाविना, निव्वळ उताराने, शहराकडे वाहत आले.

धरणाच्या आयुष्यात पहिला भरावा हा सर्वांत धोक्याचा काळ असतो, हे स्थापत्यशास्त्राचे अनुभवाने ठरलेले मत आहे. पाण्याचा भार पायावर प्रथमच येतो. माती बसते, दगड सरकतात, आणि बांधताना कोणाच्या नजरेस न आलेली फट पाणी अचूक शोधून काढते. म्हणून पाणी एकदम माथ्यापर्यंत चढू देत नाहीत. थोडे चढवावयाचे, थांबावयाचे, बांधाच्या खालच्या अंगाला फिरून झिरपा पाहावयाचा. झिरपणारे पाणी नितळ असेल तोवर फारसे भय नाही; ते गढूळ दिसू लागले तर धरणाची माती आतून वाहू लागली असे समजावे. परसातल्या तलावाचा नियम येथे उलटा होतो. तेथे खंड पडू द्यावयाचा नाही, येथे मुद्दाम खंड पाडावयाचा. पण दोहोंचे तत्त्व एकच, की नव्या पात्राला पाणी कोणत्या गतीने द्यावयाचे ते बांधणाऱ्याच्या हाती असले पाहिजे.

ते हाती राहिले नाही तर काय होते, हे पुण्याच्या श्रोत्यांना सांगावयास नको. पानशेतचे मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात प्रथमच भरत होते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते, आणि जलाशय मात्र झपाट्याने चढला. पाणी कमी करावयाचे म्हटले तरी पुरेसा मार्ग नव्हता. विसर्गनळावरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचून बांध सावरून धरला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासलाही टिकले नाही, आणि मुठेने पुण्याच्या जुन्या पेठा गिळल्या. खडकवासल्याला दरवाजे बसविणारे आणि मुसीला लगाम घालणारे विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते. शंभरी ओलांडलेले होते. पुढच्या एप्रिलात ते निवर्तले.

पात्र टिकले तरी प्रश्न संपत नाही. पाणीही टिकले पाहिजे. हुसेनसागरापासून फार दूर नसलेल्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले आणि साचलेल्या पाण्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. ज्या पायऱ्यांच्या विहिरींत उतरून लोक घागर बुडवीत, त्याच विहिरींतून नारूचा रोग पसरे. भारत त्यातून मुक्त झाल्याची ग्वाही २००० मध्ये मिळाली. ज्या पाण्यात माणसाचे पाय बुडतात ते पाणी निर्धोक राखणे ही म्हणूनच क्षुल्लक बाब नव्हे. योगायोग असा की, मुसीच्या प्रलयाच्या दोनच दिवस आधी, २६ सप्टेंबर १९०८ रोजी, अमेरिकेत जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात क्लोरीन घालण्याचा नित्यक्रम सुरू झाला. त्यासाठी वापरले ते द्रव्य विरविलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून केलेले, म्हणजे आपल्या गावोगावच्या विहिरींत पडणारी ब्लीचिंग पावडरच. जो चुना हौदाची भिंत धरतो, तोच रूप पालटून हौदाचे पाणी राखतो.

आजच्या परसातल्या तलावातही खरी गाठ या चुन्याशीच असते. नवा गिलावा सिमेंटाचा असला तरी पाण्यात तो चुना सोडतो. पाणी क्षारधर्मी होते. ज्या मापावर सात म्हणजे उदासीन, त्या मापावर ते आठाच्याही वर चढते. तळावर पांढरी भुकटी बसते. म्हणून कारागीर दिवसातून दोनदा लांब दांड्याच्या कुंचल्याने भिंती आणि तळ घासतो, गाळणयंत्र अहोरात्र चालू ठेवतो, आणि मोजूनमापून थोडे थोडे आम्ल घालून पाणी साडेसाताच्या आसपास आणतो. पाणी फार मृदू असेल तर ते उपाशी असते आणि भिंतीतला चुना खाते. हैदराबादच्या कित्येक बोअरांसारखे जड असेल तर उलट स्वतःचा चुना भिंतीवर थापते. क्लोरीनलाही पहिल्याच घटकेला घाई करीत नाहीत; पाणी आधी गाळून, घासून ताळ्यावर आणावयाचे आणि मगच ते घालावयाचे.

पाणी किती लागते तेही पाहण्याजोगे आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा बेताच्या तलावात पंचाहत्तर हजार लिटर पाणी मावते. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला ते एकशे अकरा दिवस पुरते. उस्मानसागर आणि हिमायतसागर आता हैदराबादला पुरे पडत नाहीत. मांजरेचे पाणी आले, मग दूरवरून कृष्णेचे आणि गोदावरीचे आले. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आणि बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा या दोन्ही महाराष्ट्रातूनच तिकडे जातात. त्यामुळे टेकडीवरच्या एखाद्या निळ्या तलावात मराठी मुलखातील पाऊस निजलेला असणे अगदी शक्य आहे. ते पाणी टँकरने आले असल्यास पाच हजार लिटरच्या पंधरा खेपा झाल्या असतील, आणि टँकरच्या खेपांत खंड पडून गिलाव्यावर रेघ उमटू नये म्हणून कारागिराने गाड्या आधीच दारात ओळीने उभ्या करविल्या असतील.

सिमेंटाला पुरते बळ येण्यास अठ्ठावीस दिवस लागतात. तोवर तळ झाडणारे चाकांचे यंत्र आत सोडत नाहीत, कारण नव्या गिलाव्यावर चाकांचे ओरखडे उठतात. काठावर कुंचला हाती घेऊन उभा असलेला माणूसच तळ घाशीत राहतो.