सोयराबाईंपर्यंत जाताना

मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला लोक येतात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव म्हणून. १९४८ साली त्यांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. संत कवयित्रींच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याने त्या अर्पणपत्रिकेपासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. कारण चोखोबांच्या मागोमाग त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा येतात. विटाळावाचून देहच घडत नाही, मग सोवळा कोण, हा सोयराबाईंचा युक्तिवाद आजही निरुत्तर करतो. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीही आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करता करताच चोखोबांच्या या कुटुंबापर्यंत पोहोचल्या.

१९२९ साली व्हर्जिनिया वुल्फ यांनी शेक्सपिअरला एक प्रतिभावान बहीण कल्पिली आणि तिला लिहिताच आले नसते, असे मांडले. त्याच वर्षी जस्टिन अ‍ॅबट यांनी संत बहिणाबाईंच्या आत्मकथनाचा आणि अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. नवऱ्याचा मार सोसलेली, तुकोबांना गुरू मानणारी ही सतराव्या शतकातली स्त्री स्वतःचे आयुष्य स्वतः सांगून गेली होती. इंग्लंडातही एमिलिया लॅनियरचा काव्यसंग्रह १६११ मध्येच छापला गेला होता. अभ्यासकांचे त्याकडे नीट लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बायकांनी लिहिलेच नाही, असे म्हणण्याआधी आपण कुठे कुठे शोधले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

तारा भवाळकरांनी सांगलीत अध्यापन करत हा शोध आयुष्यभर चालवला. संत कवयित्रींचे अभंग आणि जात्यावरच्या ओव्या त्यांनी शेजारी ठेवून वाचल्या, आणि दोन्हींत बाईचा स्वतःचा विचार ऐकला. २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा या अभ्यासक्षेत्राचाही मान झाला, असे मी मानतो.

तेव्हा या, संकोच करू नका. भक्तीच्या नावाखाली या बायकांचा राग पुसून टाकू नका. आणि आजचा विचार सापडावा म्हणून त्यांची भक्तीही बाजूला सारू नका. गाथा वाचाच, पण गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडेही जा. ओवी जशी ऐकाल तशी उतरवा, शब्द शुद्ध करू नका. आणि त्यांची हरकत नसेल, तर सांगणारीचे नाव, सासर नि माहेर ओवीखालीच लिहा.