केसगळती : आधी कारण शोधा, मगच उपचार

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील अनेकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत गळाले. १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाल्याची नोंद आहे. परिसरात तेव्हा धास्ती पसरली होती. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात जाणे सोडले, ठरलेली काही लग्ने मोडली. केसगळतीकडे केवळ सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

प्रारंभी बुरशी आणि पाण्यातील नायट्रेट यांवर संशय होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकानेही गावांना भेट दिली. पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याचा संबंध शिधावाटप दुकानातील गव्हाशी जोडला. पंजाबच्या काही भागांतील जमिनीत सेलेनियम अधिक असते, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. एप्रिल २०२५ मध्ये याच परिसरात नखे गळण्याच्या तक्रारी आल्या. अति सेलेनियमची बाधा केसांप्रमाणे नखांवरही दिसते.

प्रकार कोणते?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांपैकी रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक होय. त्याहून अधिक गळती किंवा टक्कल पडणे यास वैद्यकशास्त्रात 'अ‍ॅलोपेशिया' म्हणतात.

* आनुवंशिक टक्कल : सर्वाधिक आढळणारा प्रकार. पुरुषांत कपाळाच्या कडेने व टाळूवर केस विरळ होतात. स्त्रियांत भांग रुंदावतो.
* चाई : आयुर्वेदातील 'इंद्रलुप्त'. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केशमुळांवर हल्ला करते व गोल, गुळगुळीत चट्टे पडतात. हा रोग संसर्गजन्य नाही.
* तात्पुरती गळती : तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. कारण दूर झाल्यावर ते बहुधा परत येतात.
* डोक्यातील नायटा : बुरशीमुळे, विशेषतः मुलांत होतो. हा मात्र एकमेकांची फणी व टॉवेल वापरल्याने पसरू शकतो.
* व्रणयुक्त टक्कल : केशमुळेच नष्ट होतात. गेलेले केस परत येत नाहीत, म्हणून येथे विलंब महागात पडतो.

घट्ट वेणी वा अंबाड्याच्या सततच्या ताणानेही कपाळालगतचे केस जातात.

निदान

गळती केव्हा सुरू झाली, आधी कोणता आजार झाला, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणास टक्कल आहे, याची माहिती डॉक्टर घेतात. केस हलके ओढून पाहणे व डर्मोस्कोपने त्वचेची तपासणी यांतून बराच उलगडा होतो. गरजेनुसार हिमोग्लोबिन, लोह व थायरॉइड यांच्या चाचण्या, बुरशीसाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी किंवा त्वचेचा तुकडा काढून परीक्षण केले जाते. शेगावसारख्या घटनेत अन्न, पाणी, रक्त आणि केस हे सारेच तपासावे लागते.

उपचार

आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल लावतात. परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात व औषध थांबवल्यास लाभ ओसरतो. पुरुषांना फिनास्टेराइडही दिले जाते. गर्भवतींनी त्यापासून दूर राहावे. केशरोपण हा पुढचा पर्याय होय. चाईच्या चट्ट्यांत स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते. डोक्यातील नायट्यास नुसते मलम पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते. सेलेनियमच्या बाधेत त्याचा स्रोत बंद करणे हाच मुख्य उपाय ठरतो.

चाईवर लसूण वा जहाल औषधे चोळल्याने त्वचा भाजण्याचा धोका असतो. जाहिरातीतील तेलांवर पैसा व वेळ घालवण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांस गाठणे हिताचे. त्याचबरोबर टक्कल पडलेल्या व्यक्तीस दूर लोटू नये. बहुतेक प्रकार स्पर्शाने पसरत नाहीत. बहिष्काराचा घाव मात्र केस परत आल्यावरही राहतो.