डॉक्टरांच्या नळीची जन्मकथा

डॉक्टरांच्या गळ्यांतील स्टेथोस्कोप आपल्या नित्य परिचयाचा आहे. पण त्याचा जन्म एका संकोचांतून झाला, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. पूर्वीं डॉक्टर रोग्याच्या छातीस प्रत्यक्ष कान लावीत. १८१६ सालीं पॅरिस येथें रने लाएनेक या डॉक्टरांकडे हृदयविकार जडलेली एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीस कान लावणें त्यांना प्रशस्त वाटेना; शिवाय ती स्थूल असल्यानें हातानें ठोकून पाहण्याचाहि उपयोग नव्हता. लांकडाच्या एका टोकास टांचणीनें ओरखडलें असतां दुसऱ्या टोकाशीं तो आवाज स्पष्ट ऐकूं येतो, हें त्यांना आठवलें. त्यांनीं कागदाची घट्ट सुरळी करून तिच्या छातीवर टेंकविली. आणि काय आश्चर्य! हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षांहि स्वच्छ ऐकूं आले.

पुढें त्यांनीं लांकडी नळी घडविली, रोग्यांच्या फुप्फुसांतील ध्वनींचा अभ्यास केला, आणि १८१९ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु ज्या क्षयाची चाहूल त्यांनीं जगास ऐकविली, त्याच क्षयानें १८२६ सालीं त्यांना गांठलें. तेव्हां ते अवघे ४५ वर्षांचे होते.

ती नळी आतां छातीस थंड लागेल, तेव्हां तिच्या जनकाचें क्षणभर स्मरण करावें, इतकीच विनंती.